इन्फर्मेटिव्ह ठरल्याबद्दल हार्दिक अभिनंदन

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी कुणी कडुलिंबाच्या पाल्याचे गुण टाकतं, कुणी सातबारा ऑनलाइन कसा काढायचा ते टाकतं, आणि खाली जोडलेल्या हातांच्या चित्रांसोबत एकामागून एक उमटत जातं, 'व्हेरी इन्फर्मेटिव्ह'. जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवून घरी बसलेली मी त्या ग्रुपवर एकटीच अशी असेन, की हा शब्द दिसला की जिचे कान तापतात. नातीला वाटतं आजीचं ब्लडप्रेशर वाढलं. ती मोबाइलवर स्वयंपाकाचे की कसले व्हिडिओ बनवते आणि 'आजी, माझा कंटेंट इन्फर्मेटिव्ह आहे ना?' असं मला सहज विचारते. मी 'छान आहे' म्हणते. तिला हवा तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही. का निघत नाही ते तिला एका वाक्यात सांगता येण्यासारखं नाही, म्हणून हे प्रकरण.

आम्ही कामठी रोडच्या आतल्या अंगाला एका गल्लीत राहायचो. दोन खोल्या, पुढे टिनाचं छप्पर, आणि उन्हाळ्यात त्या छपराखाली वाळ्याची ताटी, जिच्यावर पाणी मारायचं काम माझं. बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या विभागात होते. स्टाफ बसने जायचे आणि बसनेच यायचे. आले की दारातूनच 'पानी ठेवलं का वं?' असा आवाज यायचा, मग मोरीत बादली, तांब्या आणि खाकरण्याचे आवाज. कितीही चोळलं तरी कानाच्या वळ्यांत कोळशाची काळी रेघ राहायचीच. मायनं एकदा लग्नात जाताना त्यांचा कान साबणाने इतका घासला होता, की फोटोत एक कान लाल आणि एक काळा आला आहे. तो फोटो अजून माझ्याकडे आहे, आणि रंगीत असल्याबद्दल मी फोटोग्राफरची आभारी आहे.

गल्लीच्या तोंडाशी वाचनालय होतं. वाचनालय म्हणजे एक खोली, वर्गणी आणि श्रमदान करून सगळ्यांनी मिळून बांधलेली. आत तीन-चार कपाटं, एक लांब बाक, भिंतीवर हार घातलेला फोटो. आणि बाहेरच्या भिंतीवर सिमेंट गुळगुळीत करून काळा रंग दिलेला फळा. बाबांचं अक्षर मोत्याचं, म्हणून फळा त्यांच्याकडे. पाळी कुठलीही असो, निघण्याआधी किंवा आल्यावर ते खडू घेऊन उभे राहायचेच. वर्तमानपत्रातल्या ठळक बातम्या, नळ कधी येणार, कुठल्या खात्यात जागा निघाल्या, कुठल्या शिष्यवृत्तीची शेवटची तारीख कोणती, कोण वारलं आणि कोणाचं अभिनंदन. मॅट्रिक झालेल्याचं अभिनंदन, नोकरी लागलेल्याचं अभिनंदन, पोलीस भरतीत धावून पहिला आलेल्याचं तर रंगीत खडूने अभिनंदन. एखादी गोष्ट फळ्यावर आली नाही तर ती झालीच नाही असं आमच्या गल्लीत समजत. फळ्यावर आली की मग ती कुणाच्या बापाला खोटी ठरवता येत नसे.

मी नववीत की दहावीत असताना आमच्या बाईंनी मला आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेला पाठवायचं ठरवलं. विषय ज्याचा त्याने निवडायचा होता. बाकीच्या मुली आई, मातृभूमी, हुंडा असले विषय घेत होत्या. मला घरात आयतं काय मिळेल याचा विचार करता वीज मिळाली. बाबांना म्हटलं, कोळशापासून वीज कशी होते ते सांगा. एवढं म्हणायचाच अवकाश. बाबा उठून थेट चुलीपाशी गेले आणि मायच्या डाळीच्या पातेल्यावरचं झाकण बोटाने दाखवून म्हणाले, "हे पाय, झाकन काहून उडून राहिलं? वाफेनं. बस, तिथी बी हेच हाय. फक्त झाकनाच्या जागी टर्बाइन हाय." मग कोळसा तसाच जाळत नाहीत, गव्हासारखा दळून त्याचं पीठ करतात, ते पीठ हवेनं भट्टीत फुंकतात, राख कशी वेगळी निघते, पाणी पुन्हा पुन्हा तेच कसं फिरतं. आठवडाभर आमच्याकडे झुणका-भाकरीच्या ताटावर हीच शाळा. माय शेवटी कावली. "स्वयपाक करू देता का इथी शाळा भरवता?" ती म्हणाली. पण पातेल्यावरचं झाकण तिनेही त्यानंतर कौतुकाने पाहिलेलं मी पाहिलं आहे.

स्पर्धा सीताबर्डीच्या बाजूच्या एका शाळेच्या सभागृहात होती. बाबा पाळी बदलून आले होते आणि मागच्या दारापाशी उभे राहिले होते, खुर्च्या रिकाम्या असूनही. परीक्षक म्हणून एका कॉलेजातले इंग्रजीचे प्राध्यापक, पाठक सर. गोरे, चष्मा, पांढरा बुशकोट, मराठी बोलता बोलता नेमक्या जागी एक इंग्रजी शब्द ठेवून देणारे. माझं भाषण मी न अडखळता म्हटलं, घंटा वाजायच्या आत संपवलं, पण ते म्हणताना समोरचे लोक जांभया आवरत होते हे मला दिसत होतं. माझ्यानंतरच्या मुलीने आपल्या वारलेल्या आईवर भाषण केलं आणि सभागृहात पदर डोळ्यांना लागले. निकाल सांगण्याआधी सरांनी प्रत्येकीबद्दल एकेक वाक्य सांगितलं. त्या मुलीला ते म्हणाले, 'मूव्हिंग'. आणखी एकीला 'इलोक्वंट'. माझ्या नावापाशी आल्यावर त्यांनी चष्मा वर सारला, कागदाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "शालिनी. हं. इन्फर्मेटिव्ह. व्हेरी इन्फर्मेटिव्ह." बक्षीस मला कोणतंच मिळालं नाही. पण 'व्हेरी' फक्त मलाच मिळालं होतं, हे बाबांनी बरोबर टिपलं.

सायकलच्या दांड्यावर मला बसवून परत येताना त्यांनी विचारलं, "काय म्हनले वं ते सर तुले?" मी सांगितलं. "म्हंजे काय?" मी म्हटलं, चांगलंच असेल काहीतरी. मग सीताबर्डीपासून घरापर्यंत ते तो शब्द पायडलच्या तालावर म्हणत राहिले, इन-फर-मे-टिव. विसरू नये म्हणून. गल्लीच्या तोंडाशी मला उतरवून म्हणाले, "तू जा घरी, मी वाचनालयातून येतो." मी घरी जाऊन आरामात भात जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरायला गेले तर फळ्यावर पिवळ्या खडूने लिहिलेलं होतं, 'कु. शालिनी हिचे भाषण आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत व्हेरी इन्फर्मेटिव्ह ठरल्याबद्दल तिचे हार्दिक अभिनंदन.'

गल्लीने ते आनंदाने स्वीकारलं. पहिला, दुसरा, तिसरा हे नंबर सगळ्यांना ठाऊक होते, हा काहीतरी त्यांच्याही वरचा इंग्रजी नंबर असावा असा समज दोन दिवसांत पक्का झाला. निदान मला तरी तसंच वाटलं. सगळ्यांत जास्त तो शब्द उचलला कौसाबाईने. कौसाबाई म्हणजे आमच्या समोरच्या घरातली विधवा बाई, लग्नाकार्यात वडाभात करून देणारी. तिच्या हातचा वडाभात खाऊन माणूस उठायचं नाव घेत नसे, आणि वाढताना ती त्यात काय काय घातलं ते सांगितल्याशिवाय पुढच्या पानाकडे जात नसे. डाळी कोणत्या, किती वेळ भिजवल्या, हिंग कुठून आणला, तेलात मिरची कधी टाकली. आता तिने शेवटी पालुपद जोडलं, "खाऊन पाय, इन्फर्मेटिव्ह झालं." हळूहळू ते सगळीकडे पसरलं. दवाखान्यातला डॉक्टर इन्फर्मेटिव्ह, रेडिओवरचं शेतीचं भाषण इन्फर्मेटिव्ह, एका सुनेचं माहेर इन्फर्मेटिव्ह. मलाही तेव्हा त्याची मजाच वाटत होती. हा शब्द माझ्यामुळे गल्लीत आला याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

बारावी झाल्यावर उमरेडहून मामा आला. मामाचं मन वाईट नव्हतं. उमरेडला कोळशाच्या खाणीत क्लार्क असलेला एक मुलगा त्याने पाहून ठेवला होता आणि तो म्हणत होता की पोरगी काळी आहे, वय वाढलं की स्थळ मिळणार नाही. मायच्या मनातही तेच होतं, ती फक्त तव्यावरची भाकरी फिरवत होती. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नाई गा. तिले मी इंग्रजीत बीए करवून राहिलो."

"इंग्रजीत?" मामा हसला. "आपल्यात इंग्रजीत कोन गेलं आतापर्यंत? नापास होईन पोरगी, मंग ना घर का ना घाट का."

"जिले इंग्रजीच्या प्रोफेसरानं भर सभेत व्हेरी इन्फर्मेटिव्ह म्हटलं, ते नापास काहून होईन?" बाबा म्हणाले. "तू सांग मले. तुह्या त्या पोराले कोनी म्हटलं का?"

मामाने मायकडे पाहिलं, मायनं भाकरी त्याच्या ताटात टाकली आणि म्हणाली, "जेव आता." स्थळ तिथेच मोडलं. म्हणजे माझं लग्न, माझं शिक्षण, पुढची नोकरी, हे सगळं चष्मा वर सारून उच्चारलेल्या त्या एका विशेषणाच्या खुंटीवर टांगलं गेलं, आणि ती खुंटी किती घट्ट आहे ते आमच्यातल्या कुणी हलवून पाहिलं नव्हतं.

मी नेमकी पाठक सरांच्याच कॉलेजात गेले. बाबांचा तसा हट्टच होता. सरांना मी आठवत नव्हते, आणि मी आठवण करून दिली नाही. म्हटलं, एखादा चांगला निबंध लिहू, मग सांगू. सिटी बसच्या दांड्याला लोंबकळत, पाठ न झालेले शब्द पुटपुटत मी जायचे. वर्गात बहुतेक मुली कॉन्व्हेंटच्या. त्यांच्यात मी पहिल्या बाकावर बसायचे, कारण मागे बसलं तर सरांचे उच्चार कळत नसत. एक दिवस सर निबंधाचे कागद परत देत होते आणि विशेषणांवर बोलू लागले. म्हणाले, विशेषण जपून वापरा, ते वजनकाट्यासारखं आहे. काही नमुने दिले. मग हसून म्हणाले, "मी स्पर्धांना परीक्षक म्हणून जातो ना, तिथे माझी एक युक्ती आहे. एखादं भाषण हृदयाला भिडलं तर 'मूव्हिंग' म्हणतो. शैली असली तर 'इलोक्वंट'. आणि भूगोलाचं पुस्तक पाठ करून आलेलं एखादं गरीब पोर असतं, त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नसतं, पण त्याचं मनही मोडवत नाही. त्याला 'इन्फर्मेटिव्ह' म्हणायचं. फारच कंटाळा आला असेल तर 'व्हेरी इन्फर्मेटिव्ह'. अहो, रेल्वेचं टाइमटेबलही इन्फर्मेटिव्हच असतं."

वर्ग हसला. माझ्या शेजारची मुलगी हसून हसून माझ्या खांद्यावर रेलली, माझ्याशी पहिल्यांदाच तिने सलगी केली ती तेव्हा. माझे कान तापले ते तिथे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो कसा असतो ते मला त्या तासाला कळलं. सरांचा राग आला नाही, हे आज सांगितलं तर कुणाला पटणार नाही. ते माझ्याबद्दल बोलतच नव्हते, आणि ते जे म्हणाले ते खरं होतं, जांभया मी स्वतः पाहिल्या होत्या. मला लाज वाटली ती फळ्याची. पिवळ्या खडूची. इन-फर-मे-टिव असं म्हणत सायकल मारणाऱ्या बाबांची. वाटलं, आख्खी गल्ली भर चौकात उघडी उभी आहे आणि तिला ते ठाऊक नाही, आणि ठाऊक असलेली मी एकटी आहे.

घरी आले तर बाबा नेहमीसारखे दारात. "आज काय शिकवलं पाठक सरानं?" मी म्हटलं, विशेषणं. "सांग ना मंग एखादं." मी म्हटलं, डोकं दुखतंय. बाबा लगेच मायला म्हणाले, "तिले चहा दे वं, पोरगी थकून आली." सांगायचं तर काय सांगायचं? ज्या शब्दावर तुम्ही स्थळ मोडलं तो शब्द म्हणजे पोराच्या डोक्यावरून हात फिरवून दिलेलं चॉकलेट होतं? मामाच्या कानावर गेलं तर? बाबा स्वतःच म्हणाले की मग कशाला एवढा बसचा खर्च, तर? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला बजावून मी गप्प राहिले. पण समोरच्या घरातून 'इन्फर्मेटिव्ह झालं' असं आलं की मी पुस्तक बंद करून आत जायचे. माय एकदा म्हणाली, "काहून वं शालू, कौसाबाईवर राग हाय का तुहा?" मी 'नाही' म्हटलं, आणि ते खरंच होतं.

मग एप्रिलमधली जयंती आली, आणि बाबांनी व्याख्यानाला पाठक सरांना बोलवायचं ठरवलं. मी सांगून पाहिलं, सर येणार नाहीत, त्यांना वेळ नसतो, आपल्याकडे पंखा नाही. बाबा स्वतः कॉलेजात जाऊन निमंत्रण देऊन आले. सर यायला तयार झाले. त्या दिवशी वाचनालयासमोर मांडव, निळ्या पताका, भाड्याचा कूलर, आणि मागच्या बाजूला कौसाबाईची कढई. सरांनी भाषण चांगलं केलं, वाचनाबद्दल केलं. पण त्याआधी बाबांनी पाहुण्यांची ओळख करून दिली, आणि मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. बाबा माइक दोन्ही हातांनी धरून म्हणाले, "सरांची ओळख मी काय करून देऊ. यानी आमच्या पोरीले एक शब्द देला. इन्फर्मेटिव्ह. तो आमी फळ्यावर लिहिला. त्या एका शब्दावर आज ते यांच्याच कॉलेजात शिकून राहिली. सर, हे सगळे लोक तुमाले त्या शब्दासाठी ओळखतात." टाळ्या पडल्या. बायकांच्या बाजूने तर फारच पडल्या. मी सरांकडे पाहिलं. ते गळ्यातल्या हाराची एकेक पाकळी तोडत मान खाली घालून बसले होते. चेहरा आमच्या उन्हाने लाल झाला असेल असं मी स्वतःला सांगितलं.

व्याख्यानानंतर जेवण. पाहुण्यांसाठी वेगळी खुर्ची-टेबल मांडलं होतं, पण सर म्हणाले, "मी पंगतीतच बसतो," आणि बसले, चांगली मांडी घालून. कौसाबाईने वडे कुस्करून भातावर घातले, वरून मिरचीचं गरम तेल सोडलं आणि पदर खोचून सुरू झाली. "सर, याच्यात तुरीची डाळ हाय, चन्याची हाय, मटकी हाय, थोडी उडदाची. रातभर भिजवली नाई, रातभर भिजवली तं वडा तेल पेते. सांबार मात्र भल्ला टाकला." सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, हे सरांना ठाऊक होतं, त्यांनी मान हलवली. मग तिने विचारलं, "झालं का इन्फर्मेटिव्ह?"

सरांचा घास हातातच राहिला. त्यांनी पंगतीवरून नजर फिरवली आणि पाणी वाढत असलेल्या माझ्यावर आणली. त्या नजरेत हसू असतं तर मी त्यांना कधीही माफ केलं नसतं. हसू नव्हतं. गणित चुकल्याचं सगळ्यांसमोर कळावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. "हो," ते म्हणाले. "झालं. व्हेरी इन्फर्मेटिव्ह झालं." कौसाबाईने खूश होऊन त्यांना आणखी एक वाढी दिली आणि त्यांनी ती मुकाट्याने संपवली.

त्यांना पोचवायला मी स्कूटरपर्यंत गेले. ते किल्ली हातात फिरवत उभे राहिले. म्हणाले, "शालिनी, मी वर्गात ते बोललो तेव्हा तू होतीस?"

"पहिल्या बाकावर होते सर."

"घरी सांगितलंस?"

"नाही."

"बरं केलंस," ते म्हणाले, मग लगेच, "की नाही केलंस, मला कळत नाही. मलाही आज सांगता आलं नाही." आणि ते स्कूटरला किक मारू लागले. स्कूटर काही केल्या सुरू होईना. तेवढ्यात बाबा आले, त्यांनी स्कूटर एका अंगावर आडवी कलवली, सरळ केली, किक मारली आणि ती सुरू झाली. सर आरशात पाहत, बाबांकडे न पाहता म्हणाले, "कोळसा दळतात, हे मला तुमच्या मुलीच्या भाषणाआधी खरंच माहीत नव्हतं."

"मंग," बाबा म्हणाले, "म्हनूनच तं तुमी तसं म्हनले ना." मला वाटलं, किती भोळा माझा बाप. इतका भोळा, की त्याच्या भोळेपणाचीही मला लाज वाटली.

मी बीए झाले, एमए झाले, नोकरीला लागले. फळ्यावर प्रत्येक वेळी अभिनंदन आलं, रंगीत खडूने. पण मी शिकवायला लागल्यापासून कुठल्याही मुलाच्या निबंधावर तो शब्द लिहिला नाही. 'गुड' लिहिलं, 'केअरफुल' लिहिलं, एकदा रागात 'रबिश' लिहिलं आणि मग खोडलं. तो एक शब्द मात्र लाल पेनातून उतरत नसे. सहकारी म्हणायचे, मॅडम शेरे देण्यात कंजूस आहेत. त्यांना काय माहीत की ही कंजुषी नाही.

बाबा म्हातारे होऊन गेले. शेवटपर्यंत फळा लिहायचे, नंतर नंतर खुर्ची घेऊन. त्यांना आदरांजली वाहायच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला बोलायला उभं केलं. मी आयुष्यभर बोलण्याचाच धंदा केलेली बाई, पण एकही चांगलं वाक्य येईना. आईवर बोलणाऱ्या त्या मुलीसारखं लोकांना रडवावं, असं आतून फार वाटत होतं. जमलं नाही. मग जे येत होतं ते सांगितलं. ते कुठल्या गावचे, त्यांच्या बापाला गावात शाळेच्या खिडकीबाहेर कसं बसवत, आजोबा दीक्षा घेऊन आल्यावर घरातलं काय काय नदीत सोडलं, बाबा नागपूरला कुणाबरोबर आले, आधी कुठे हमाली केली, कोळशाच्या पट्ट्यावर त्यांचं काम नेमकं काय होतं, फळा कसा सुरू झाला. एकामागून एक नुसती माहिती. माझंच मला ऐकू येत होतं, आणि मनात पाठक सरांचं टाइमटेबल वाजत होतं. खाली बसले तेव्हा बापाच्या शेवटच्या कार्यक्रमातही आपल्याला एवढंच जमलं म्हणून मान वर करवत नव्हती.

लोक पांगल्यावर कौसाबाई काठी टेकत आली. तिचे दात गेले होते, डोळ्याला जाड भिंगं. तिने माझा हात तिच्या दोन्ही हातांत घेतला. "चार पावलांवर राहलो आमी जलमभर, अन् तुह्या बापाचं हे मले काईच मालूम नव्हतं," ती म्हणाली. "इन्फर्मेटिव्ह झालं वं पोरी. व्हेरी इन्फर्मेटिव्ह."

इतक्या वर्षांनी, नको त्या दिवशी, माझ्या तोंडून निघून गेलं. "मावशी, तो शब्द तसा मोठा नाही. त्याचा अर्थ फक्त, माहिती देणारं, एवढाच आहे."

"मंग मी काय म्हनून राहिली?" ती म्हणाली. "तुह्या बापानंच सांगतलं होतं. त्या दिवशी वाचनालयातली डिक्शनरी काढून फळ्यापाशी आनली अन् आमा सगळ्याइले वाचून दाखोली. ज्याच्यातून मानसाले काही मालूम पडते ते. म्हने, आपल्याले गावात कोन काय मालूम पडू देत होतं? जमीन कोनाची ते नाई, कायदा कोनता ते नाई, पोथीत काय हाय ते तं नाईच. म्हने, त्या प्रोफेसराले मालूम नाई त्यानं केवढी मोठी गोष्ट म्हटली."

मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "आणि तुझा वडाभात?"

"त्याच्यात काय टाकलं ते सांगत नव्हती का मी?" कौसाबाई म्हणाली. "बाकीच्या बाया लपोतात. मी कधी लपोलं?" मग तिने भिंगांतून माझ्याकडे नीट पाहिलं, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "काहून वं शालू, तुले काय वाटत होतं इतके दिवस? आमाले मालूम नाई?"

हो, मला तेच वाटत होतं. आख्खी गल्ली उघडी उभी आहे असं समजून जिने वर्षानुवर्षं मान खाली घातली होती, ती मीच. मी मान हलवली की नाही ते मला आठवत नाही. कौसाबाईने माझ्या गालावर हात फिरवला आणि ती काठी टेकत घरी गेली. वर्गात तापले होते ते कान निराळे. आज ग्रुपवर तो शब्द दिसला की तापतात ते कौसाबाईच्या त्या प्रश्नाने, आणि त्याचं उत्तर मी तिला कधी दिलं नाही.